फुफ्फुसाला टाका घालायचा तर

"डॉक्टरीनबाई, तेवढा तुकडा काढला तर तिथं भोक राहणार की वो. वारं जाईल की भसाभसा. ते बुजवणार कशानं?"

जत तालुक्यातल्या एका मामांनी हे विचारलं तेव्हा त्यांचा कारवानी कुत्रा माझ्या सांगलीच्या दवाखान्यात टेबलावर पडून होता. टपाल खात्यानं २००५ साली ज्या मुधोळ हाउंडचं तिकीट काढलं, तीच ही जात. अंग सडपातळ, छाती खोल, पाय लांब. दीड महिना खोकत होता, अधूनमधून ताप यायचा, औषध चालू असेपर्यंत बरा आणि औषध थांबलं की पुन्हा तेच. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसाच्या मागच्या भागात पांढरा गोळा दिसत होता. पुण्याला सीटी स्कॅन झाला. आत पू होता, आणि पुवाच्या मधोमध एक बारीक रेघ होती. कुसळ.

पावसाळा सरला की जत-आटपाडीच्या माळावर कुसळी गवत वाळतं. त्याच्या कुसळाला उलट्या दिशेनं बारीक लव असते. म्हणून ते कापडात शिरलं की पुढंच सरकतं, मागं येत नाही. धोतराला चिकटलेलं कुसळ चालता चालता आतल्या बाजूनं टोचायला लागतं, हे माळावरच्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सशामागं तोंड उघडून पळणारा कुत्रा तेच कुसळ श्वासाबरोबर आत ओढतो. प्रत्येक श्वासाला ते थोडं थोडं खोल जातं आणि बरोबर मातीतले जंतू नेतं. अमेरिकेच्या पश्चिम भागात फॉक्सटेल नावाच्या गवतानं शिकारी कुत्र्यांना हाच त्रास होतो. लवकर कळलं तर दुर्बीण घालून चिमट्यानं काढता येतं. दीड महिन्यानं फुफ्फुसाचा तेवढा भाग कामातून गेलेला असतो आणि तो काढावाच लागतो.

मामांचा प्रश्न अगदी नेमका होता. फुफ्फुसाच्या ऑपरेशनमध्ये कापणं हा सोपा भाग. बुजवणं अवघड. त्या दिवशी मी त्यांना घाईत जे सांगितलं ते इथं नीट सांगते.

आतडं शिवलं की त्याला थोडी विश्रांती देता येते. पाय मोडला तर प्लास्टर घालून तो स्थिर ठेवता येतो. फुफ्फुसाला सुट्टीच नाही. शेवटचा टाका बसला की पुढच्या क्षणी ते फुगतं, मग आकसतं, पुन्हा फुगतं. निवांत बसलेल्या कुत्र्याचे मिनिटाला वीस श्वास धरले तर दिवसाला २८,८०० होतात. नवीन शिवण इतक्या वेळा ताणली जाणार. त्यातून रक्त ठिबकायला नको आणि हवाही सुटायला नको. रक्त निदान गोठतं, हवा गोठत नाही. छातीची पोकळी बंद असते, तिथं सुटलेली हवा साठत जाते आणि फुफ्फुसाला फुगायला जागाच उरत नाही. कुत्र्यात दोन्ही बाजूंच्या मधला पडदा इतका पातळ असतो की एका बाजूची गळती बहुतेक वेळा दुसऱ्या बाजूलाही त्रास देते.

आता आतली रचना. माणसाच्या फुफ्फुसाचे पाच भाग असतात, उजवीकडं तीन आणि डावीकडं दोन. कुत्र्या-मांजरांत उजवीकडं चार आणि डावीकडं दोन, असे सहा. या भागाला डॉक्टर लोब म्हणतात. प्रत्येक लोब झाडाच्या फांदीसारखा एका देठावर लटकलेला असतो. देठात मुख्यतः तीन नळ्या: हृदयाकडून रक्त आणणारी रोहिणी, शुद्ध झालेलं रक्त परत नेणारी नीला आणि हवेची नळी. हवेच्या नळीला कूर्चेच्या कड्या असतात, त्यामुळं ती दाबली तरी चटकन चपटी होत नाही. रोहिणीचं उलट. तिची भिंत पातळ आणि नाजूक. तिच्यातला दाब शरीरातल्या इतर रोहिण्यांपेक्षा बराच कमी असतो, पण फुफ्फुसातून जाणारं रक्त बाकीच्या सगळ्या शरीरात जाणाऱ्या रक्ताइतकंच असतं. देठावरची गाठ सुटली तर हातात फार थोडी मिनिटं उरतात.

म्हणून आधी ठरवायचं की देठापासून पूर्ण लोब काढायचा की फक्त कडेचा तुकडा. कडेला पातळ, स्पंजासारखा भाग असतो, तिथं नळ्या बारीक. देठाशी सगळं जाड. बंद करायची पद्धत निवडताना सगळ्यात आधी हे बघायचं. "कुठली पद्धत चांगली?" असं कुणी विचारलं की मी उलट विचारते, "कुठं बंद करायचंय?"

सगळ्यात जुनी पद्धत हातानं शिवायची. देठाशी असेल तर एकेक नळी वेगळी करायची. रोहिणीला एकाहून जास्त गाठी, त्यातली एक रोहिणीच्या भिंतीतून ओवून घेतलेली, म्हणजे घसरायला नको. मग नीला. मग हवेच्या नळीला आडवे टाके, तिची कापलेली कड वरून पुन्हा धावत्या टाक्यानं शिवायची. कडेचा तुकडा काढायचा असेल तर चिमट्यानं रेघ दाबून धरायची, चिमट्याच्या खालून एकावर एक चढणारे टाके घालत जायचं, चिमट्यापुढचा भाग कापायचा आणि कापलेल्या कडेवरून दुसरी रांग फिरवायची. सुई गोल अंगाची लागते, धारेची चालत नाही. दोरा बारीक आणि गुळगुळीत, ओढताना ऊतक न फाडणारा. सगळं नीट झालं तर हे काम उत्तम टिकतं. याला कुठलं महाग यंत्र लागत नाही, आणि जागा कितीही अडचणीची असली तरी हात पोचतो.

त्यातली उणीव सांगायला मला सांगलीचं मार्केट यार्ड आठवतं. हळदीचं पोतं भरलं की हमाल दाभण आणि सुतळीनं तोंड शिवतो. शिवण घट्ट असते, पोतं उलटं केलं तरी हळकुंड बाहेर येत नाही. पण तेच पोतं फरशीवर आदळलं की शिवलेल्या तोंडाशी, टाक्यांच्या रांगेत, पिवळी भुकटी उडते. कापड कुठं उसवलेलं नसतं. भुकटी दाभणानं पाडलेल्या भोकातून येते, कारण दाभण सुतळीपेक्षा जाड असतं. फुफ्फुसाचं तसंच आहे. सुई दोऱ्यापेक्षा जाड असते आणि फुफ्फुसाचं आवरण इतकं पातळ की भोक आपोआप मिटत नाही. हातशिवणीतली गळती पुष्कळदा या भोकांतूनच होते, गाठीपाशी होत नाही. शिवाय वेळ लागतो. छाती उघडून, यंत्रावर श्वास चालू ठेवून, भुलीखाली असलेल्या आजारी जनावराला प्रत्येक जास्तीची दहा मिनिटं जड जातात.

दुसरी पद्धत स्टेपलरची. कार्यालयातल्या स्टेपलरशी नातं आहे, पण दूरचं. शस्त्रक्रियेसाठीचा पहिला स्टेपलर १९०८ साली बुडापेस्टच्या ह्युमेर ह्युल्टल यांनी वापरला. तो साडेतीन किलोच्या आसपास वजनाचा होता आणि जोडायलाच बराच वेळ जायचा. पुढं सोव्हिएत सर्जनांनी त्याला चांगलं रूप दिलं. १९५८ साली मार्क रॅव्हिच हे अमेरिकन सर्जन कीव्हला गेले होते, तिथं त्यांनी फुफ्फुसाची हवेची नळी स्टेपलरनं बंद करताना बघितली आणि ते तंत्र अमेरिकेत नेलं. म्हणजे आजच्या स्टेपलरला जगभर पसरवणारं कामच फुफ्फुसाचं होतं. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

आजचा स्टेपलर देठाभोवती जबड्यासारखा बसवतात, दाबतात, आणि एका दाबात टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या रांगा बसतात. रांगा एकमेकींपासून अर्ध्या पिनेनं सरकलेल्या असतात, वीट बांधताना सांधे चुकवतात तशा. पहिल्या रांगेच्या फटीसमोर दुसऱ्या रांगेची पिन येते. पिन मिटली की तिचा आकार इंग्रजी बी अक्षरासारखा होतो, सपाट चिरडत नाही. त्या दोन पोटांतून सूक्ष्म रक्तवाहिन्या चालू राहतात, म्हणून कड मरत नाही आणि भरून येते.

खरी मेख पिनेच्या उंचीत आहे. पिना भरलेली डबी, म्हणजे कार्ट्रिज, रंगावरून ओळखतात. पांढऱ्या कार्ट्रिजची पिन २.५ मिलिमीटरची असते आणि मिटून १ मिलिमीटर होते. निळी ३.५ मिलिमीटरची, मिटून १.५. हिरवी ४.८ ची, मिटून २. जाड ऊतकाला लहान पिन मारली तर ते चिरडतं, पिन पुरती वळतही नाही. पातळ ऊतकाला मोठी पिन मारली तर ती सैल बसते, मग रक्त येतं किंवा हवा सुटते. देठातल्या रक्तवाहिन्यांसाठी पांढरी, तीन रांगांची कार्ट्रिज वापरली जाते. ती ३० मिलिमीटर लांबीची असते. मोठ्या कुत्र्याचा देठ त्यात मावत नसेल तर जास्त लांबीचा स्टेपलर आणि उंच पिना घ्याव्या लागतात, किंवा मोठी रोहिणी आधी हातानं बांधून मग उरलेल्यावर स्टेपलर लावायचा. एक कार्ट्रिज एकदाच चालते. दुसऱ्यांदा लागली तर दुसरी फोडायची, आणि तेवढी बिलात भर पडते. मालकांना हे आधी सांगितलेलं बरं असतं, कारण ऑपरेशन अर्ध्यावर आलेलं असताना पैशाचा विचार करायची वेळ कुणावर येऊ नये.

मांजराची गोष्ट वेगळी. तीन-चार किलोचं जनावर, बरगड्यांमधली फट दोन बोटांचीसुद्धा नाही. लोबचा देठ बारीक, त्याला ३० मिलिमीटरचा स्टेपलर पुरून उरतो. पण स्टेपलरचं डोकं त्या फटीतून आत घालून वळवायचं कसं हाच प्रश्न असतो. जोर लावून कोंबला तर देठावर ताण येतो आणि मांजराची रोहिणी ताण सहन करत नाही. अशा वेळी बारीक दोरा आणि शांत हात जास्त भरवशाचा. जाता जाता मांजरवाल्यांसाठी एक गोष्ट: म्हाताऱ्या मांजराचं बोट किंवा नखाची मुळी सुजली आणि बरी होत नसेल, तर बोट कापायच्या आधी छातीचा एक्स-रे काढून घ्या. मांजरात फुफ्फुसाचा कर्करोग कधी कधी आधी बोटात दिसतो.

तिसरी पद्धत फासाची. आधीच गाठ मारलेला दोऱ्याचा फास फुफ्फुसाच्या टोकावर सरकवायचा आणि आवळायचा. दुर्बिणीतून कडेचा छोटा तुकडा तपासणीसाठी घ्यायचा असेल तर हे सोपं आणि स्वस्त आहे, सुईची भोकंही पडत नाहीत. याच जातीचे, स्वतःच अडकणारे आणि शरीरात हळूहळू विरघळणारे पट्टेही निघाले आहेत. दिसायला केबल टायसारखे. इथं मला कळकळीनं सांगायचंय की हार्डवेअरच्या दुकानातली नायलॉनची केबल टाय हा त्याला पर्याय नाही. कुत्र्यांच्या नसबंदीत ती वापरली गेली आहे, आणि नायलॉन विरघळत नसल्यामुळं आत गाठी होऊन वर्षांनंतर वाहणाऱ्या जखमा झालेल्या आहेत. फासाची मर्यादा साधी आहे. टोक निमुळतं असलं तर बसतो, रुंद पायाच्या तुकड्यावरून घसरतो.

चौथी उष्णतेची. चिमट्यासारखं यंत्र ऊतक दाबून धरतं, वीज सोडतं, आणि रक्तवाहिनीची भिंत वितळून एकमेकीला चिकटते. अशी यंत्रं ७ मिलिमीटरपर्यंतच्या रक्तवाहिन्या बंद करतात. फुफ्फुसाच्या पातळ कडेलाही उपयोगी पडतात. पण हवेच्या मोठ्या नळीत कूर्चा असते, ती अशी वितळून चिकटत नाही. म्हणून देठाशी या यंत्राच्या भरवशावर राहू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

या सगळ्या पद्धतींची तुलना करायला संशोधक मेलेल्या जनावरांची फुफ्फुसं घेतात, वेगवेगळ्या पद्धतीनं तुकडे काढतात, फुफ्फुसं पाण्यात बुडवतात आणि हवेचा दाब वाढवत नेतात. बुडबुडा कुठल्या दाबाला येतो ते लिहितात. हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात. बादलीत नळी २० सेंटिमीटर खोल धरून फुंका. बुडबुडा काढायला जेवढा जोर लागतो, तो २० सेंटिमीटरचा दाब. भुलीत यंत्रावर श्वास देताना साधारण १० ते २० पुरतो. नीट केलेली कुठलीही पद्धत एवढ्याला टिकायला हवी. पण अशा प्रयोगात एक गोष्ट नसते, ती म्हणजे जिवंतपणा. मेलेल्या फुफ्फुसात रक्त नसतं, त्यामुळं शिवणीवर फायब्रिनचा, म्हणजे रक्त गोठताना तयार होणाऱ्या धाग्यांचा, चिकट थर येत नाही. जिवंत जनावरात सुईच्या बारीक भोकावर हा थर बसतो आणि छोटी गळती काही तासांत, नाहीतर एक-दोन दिवसांत मिटते. उलट बाजूला, मेलेलं फुफ्फुस खोकत नाही. म्हणून प्रयोगातला आकडा वाचून एक पद्धत जिंकली, दुसरी हरली असं म्हणता येत नाही.

माझं मत विचाराल तर पूर्ण लोब काढायचा आणि जागा आहे, तर स्टेपलर. वेळ वाचतो, देठ कमी हाताळावा लागतो. पण ज्यांना हातानं शिवता येत नाही त्यांनी स्टेपलर हातात घेऊ नये, कारण स्टेपलर चुकला तर पुढचं सगळं हातावरच येतं.

पिळवटलेल्या लोबला स्टेपलर विशेष शोभतो. खोल छातीच्या कुत्र्यांत आणि पगमध्ये कधी कधी एखादा लोब देठावर गरकन फिरतो, पोत्याच्या तोंडाला पीळ द्यावा तसा. तो पीळ सोडवायचा मोह होतो. सोडवायचा नाही. अडकलेल्या रक्तातली विषारी द्रव्यं मोकळी होऊन सगळ्या शरीरात जातात. पिळासकट स्टेपलर लावायचा आणि लोब बाहेर काढायचा.

मामांच्या कुत्र्याचं ऑपरेशन पुण्यात झालं. माझ्या दवाखान्यात छाती उघडायची सोय नाही आणि मी ती असल्याचा आव आणत नाही. मी टेबलाच्या कडेला मदतीला उभी होते. उजव्या बाजूनं बरगड्यांमधून छाती उघडली. बाकीची फुफ्फुसं गुलाबी, मऊ. मागचा लोब मात्र काळसर, यकृतासारखा घट्ट. सर्जननं बोटानं देठाभोवती वाट केली, स्टेपलरचा जबडा बसवला, आवळला आणि थोडं थांबून मग दाबला. ते थांबणं महत्त्वाचं, दाबलेल्या ऊतकातलं पाणी बाजूला सरकायला वेळ मिळतो. लोब बाहेर आला. तो चिरला तेव्हा पुवाच्या आत काळं पडलेलं कुसळ निघालं, बोटाच्या पेरापेक्षा आखूड.

मग छातीत कोमट सलाईन ओतलं, कापलेली जागा पूर्ण बुडेपर्यंत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी पिशवी हळूहळू दाबून दाब २५ सेंटिमीटरवर नेला. सगळे त्या पाण्याकडं वाकून बघत होतो. पंक्चरवाला घमेल्यात ट्यूब फिरवताना बघतो तसं. पाणी स्थिर होतं. मग देठाच्या वरच्या टोकाला, स्टेपलच्या रांगेच्या शेवटी, मोहरीएवढा एक बुडबुडा आला. थोड्या वेळानं त्याच जागी दुसरा. सर्जननं सलाईन ओढून घेतलं, तिथं बारीक दोऱ्याचे दोन टाके घातले, पुन्हा पाणी भरलं. या वेळी पाणी हललं नाही. स्टेपलर वापरूनही शेवटचं काम सुई-दोऱ्यानं केलं.

तुमच्या जनावरावर हे ऑपरेशन व्हायचं असेल तर ही पाण्याची परीक्षा करणार का, एवढं अवश्य विचारा. यंत्रानं श्वास द्यायची सोय आहे का आणि ऑपरेशननंतर छातीत ठेवलेल्या नळीपाशी रात्री कोण बसणार आहे, हेही. कुठला स्टेपलर आहे याहून या प्रश्नांची उत्तरं मला जास्त महत्त्वाची वाटतात. आणि छातीत हवा शिरली म्हणजे लगेच ऑपरेशन असंही नाही. गाडीची धडक बसलेल्या कुत्र्याच्या छातीतली हवा बहुतेक वेळा सुईनं किंवा नळीनं काढली की फुफ्फुस आपोआप भरून येतं. मांजरात दम्यासारख्या आजारामुळं हवा शिरली असेल तर आधी मूळ आजारावर औषध बघतात. कुत्र्यात मात्र फुफ्फुसावरचा फोड फुटून पुन्हा पुन्हा हवा भरत असेल तर तो भाग काढणं जास्त फायद्याचं ठरतं.

छाती बंद करताना आत एक नळी ठेवली होती. तिच्यातून ठरावीक वेळानं हवा आणि पाणी ओढून मोजायचं. हवा यायची थांबली आणि पाणी दिवसाला किलोमागं दोन मिलिलिटरच्या आसपास आलं की नळी काढता येते. कुत्रा बावीस किलोचा, म्हणजे साधारण ४४ मिलिलिटर. पहिल्या रात्री दर दोन तासांनी थोडी हवा येत होती, पहाटेनंतर आली नाही. पाणी कमी व्हायला तिसरा दिवस उजाडला. बरगड्यांच्या नसांना बधिर करायचं औषध दिलेलं होतं. दुखणं कमी ठेवणं इथं फार गरजेचं असतं, कारण ज्याला दुखतं तो खोल श्वास घेत नाही, आणि खोल श्वास घेतला नाही तर उरलेली फुफ्फुसं नीट उघडत नाहीत.

महिन्यानं मामा एक्स-रेसाठी सांगलीला आले. कुत्रा आधीच खिडकीवर पाय ठेवून रस्ता बघत होता. मी फिल्म त्यांच्या हातात दिली आणि दाखवलं. जिथं भोक राहील असं त्यांना वाटलं होतं, तिथं आता शेजारचे लोब फुगून पसरले होते, छाती आणि पोटामधला पडदा थोडा वर सरकला होता. निरोगी कुत्रा एकूण फुफ्फुसाचा जवळजवळ निम्मा भाग गेला तरी जगू शकतो, हा तर एकच लोब होता. मामांनी फिल्म उजेडाकडं धरली, बराच वेळ बघितली आणि मधल्या बारीक पांढऱ्या रेघांच्या रांगेवर बोट ठेवलं.

"आन् हे काय? परत कुसळं?"

"नाही मामा, त्या पिना. त्या आता तिथंच राहायच्या."

त्यांनी एकेक पिन बोटानं मोजली, आणि मग फिल्म दोन्ही हातांनी जपून पाकिटात घातली.